घरची शाळा आणि बाहेरची शिकवणी

आमच्या बडोद्याच्या राज्यात १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याआधी १८९३ पासून अमरेली तालुक्यात त्याचा प्रयोग करून पाहिला होता. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड भरावा लागे. आजोबा-पणजोबांच्या तोंडून त्या दंडाच्या हकिगती ऐकलेली पिढी आता फारशी उरलेली नाही. परंतु शाळा ही गोष्ट घराघरात रुजली ती त्या सक्तीमुळे, हे नाकारता येणार नाही. आज शंभराहून अधिक वर्षांनंतर याच शहरात काही सुशिक्षित आईबाप विचारपूर्वक आपली मुले शाळेतून काढून घरी शिकवीत आहेत. कोणी मुलाच्या खेळासाठी, कोणी प्रकृतीसाठी, कोणी बदलीच्या नोकरीमुळे, तर कोणी शाळेतील एकंदर धावपळीस कंटाळून. त्यांची संख्या थोडी आहे, पण त्यांचे प्रश्न थोडे नाहीत.

आमचे सारे आयुष्य शाळेच्या घंटेच्या तालावर गेले. तेव्हा या विषयावर आम्ही लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु शाळा ही शिक्षणासाठी आहे, शिक्षण शाळेसाठी नव्हे, असे आम्ही मानतो. मूल वर्गात बसलेले असो की घरच्या ओसरीवर, त्याच्या शिक्षणाची काळजी वाहणे हे शिक्षकाचे कामच आहे. शिवाय या महिन्यात आलेल्या एका पत्राने हा विषय टाळणे आम्हांस अशक्य केले.

पत्र एका वाचकभगिनीचे आहे. त्यांची कन्या दीर्घ आजारपणामुळे आठवीनंतर शाळेत जाऊ शकली नाही. तिला आता पंधरावे वर्ष लागले आहे आणि प्रकृती बरीच सुधारली आहे. मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यावी असे घरात ठरले. आई पदवीधर आहेत, वडील बँकेत आहेत. पण गणित आणि विज्ञान आपल्याच्याने होणार नाही, या भीतीने त्यांनी मुलीस एकापाठोपाठ एक अशा पाच शिकवण्या लावल्या. गणिताची एका टोकाला, विज्ञानाची दुसऱ्या टोकाला, त्यांत इंग्रजी संभाषण, संगणक आणि चित्रकला. प्रत्येक शिकवणी आठवड्यातून तीन दिवस. परवा मुलगी आईस म्हणाली, ‘आई, मी घरी शिकणार होते ना? मग मी घरी असणार केव्हा?’ आता यांतील कोणती शिकवणी ठेवावी, कोणती सोडावी आणि ते कशावरून ठरवावे, असे त्या विचारतात.

उपदेश करण्यापूर्वी थोडे साधे अंकगणित करू या. पाच शिकवण्या, प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे आठवड्याच्या पंधरा खेपा. शिकवणी दीड तासाची आणि जाण्यायेण्यास मिळून एक तास धरला, तर एका खेपेस अडीच तास. पंधरा खेपांचे साडेसदतीस तास झाले. आता शाळेचा हिशोब पाहा. रोज सहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तरी छत्तीस तासच होतात. म्हणजे प्रकृतीसाठी जिला शाळेतून काढले, ती मुलगी शाळेपेक्षा दीड तास अधिक घराबाहेर आहे, आणि तेही वाहनांच्या धुरात. शिवाय शाळेत निदान मधली सुट्टी असते, मैत्रिणी असतात, मैदान असते. यास आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात. दोष आईच्या मायेचा नाही, भीतीचा आहे. शाळा सोडली की पालकांस वाटते की आता काही कमी पडता कामा नये. आणि ते कमी पडू नये म्हणून जी शाळा दारातून बाहेर घालविली, तिचेच तुकडे खिडकीतून आत घेतले जातात. एक ना धड, भाराभर चिंध्या!

तेव्हा आमचे पहिले सांगणे हे, की बाहेरून आणावयाचे ते घरात नाही तेवढेच आणावे. स्वयंपाकघरात डाळतांदूळ आहेत की नाहीत हे न पाहता कोणी वाण्याकडे जात नाही; मग शिकवणी लावताना मात्र आपण घरातील डबे उघडून का पाहत नाही? आई पदवीधर आहे, घरात वर्तमानपत्र येते, आजी मराठी उत्तम बोलते, वडिलांस हिशोब उत्तम कळतो, ही सारी भांडवलाची खाती आहेत. ती न मोजता बाहेर पैसे देणे म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणणे होय.

आता घरात सहसा काय नसते, तेही पाहू. आमच्या मते चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास घर चार गोष्टी देऊ शकत नाही. पहिली प्रयोगशाळा. दुसरी म्हणजे एखाद्या विषयाचा खरा जाणकार; नववी-दहावीचे गणित अनेक आईबापांच्या हातून सुटलेले असते आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. तिसरी परक्याची नजर. आई निबंध वाचते तेव्हा तिला मुलीच्या मनातला अर्थ आधीच ठाऊक असतो, म्हणून वाक्यातील उणीव तिला दिसत नाही. परक्या परीक्षकास फक्त कागद दिसतो. आणि चौथी म्हणजे समवयस्कांची संगत. बाहेरची प्रत्येक शिकवणी, प्रत्येक पुस्तक, प्रत्येक साधन या चार कसोट्यांवर घासून पाहावे. चारांपैकी एकही गरज ते भागवीत नसेल, तर ते कितीही नावाजलेले असो, आपल्या उपयोगाचे नाही.

शिकवणीच्या आधी परीक्षेचा मार्ग निश्चित असला पाहिजे, कारण कोणती मदत लागेल हे त्यावर अवलंबून आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे आणि तो मुख्यतः शाळेच्या भाषेत बोलतो. चौदा वर्षांच्या पुढे मात्र वाट मोकळी आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त शाळेचा प्रयोग सुरू केला. १९८९ मध्ये त्यातून स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय निर्माण झाले आणि २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. दहावीसाठी किमान वय चौदा आणि बारावीसाठी पंधरा. वरची मर्यादा नाही. उत्तीर्ण होण्यास पाच विषय लागतात आणि त्यांत निदान एक भाषा असावी लागते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. पाचही विषय एकदम द्यावेत अशी सक्ती नाही. आज दोन, सहा महिन्यांनी दोन आणि मग उरलेला एक, असेही चालते.

ही शेवटची सवलत आजारातून उठलेल्या मुलीस किती मोलाची आहे, हे निराळे सांगावयास नको. पाच विषयांच्या पाच शिकवण्या एकाच वेळी लावण्याचे कारणच तिने नाहीसे होते. एका हंगामात दोन विषय घेतले तर शिकवणीही एक-दोनच लागतील. पुढील हंगामात ती बदलता येईल. परंतु शाळेची सवय अंगात इतकी मुरलेली असते की सारे विषय सोमवारी सुरू होऊन शनिवारी संपलेच पाहिजेत असे आपण धरून चालतो.

मुक्त विद्यालयाची नोंदणी झाली की विद्यार्थ्यास एक अभ्यासकेंद्र मिळते. हे केंद्र बहुधा एखाद्या शाळेतच असते आणि तेथे सुट्टीच्या दिवशी किंवा सोयीच्या वेळी संपर्कवर्ग भरतात. प्रत्येक विषयाचे काही लेखी काम घरी करून तपासणीस द्यावे लागते आणि त्याचे गुण अंतिम निकालात वीस टक्क्यांपर्यंत धरले जातात. विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. आमचा अनुभव असा, की पालक महागड्या शिकवणीचा पत्ता दहा ठिकाणी विचारतात, पण स्वतःच्या अभ्यासकेंद्रात संपर्कवर्ग केव्हा भरतो हे विचारीत नाहीत. फी भरलेली असते, हक्क असतो, तरी ते ताट तसेच राहते. तेव्हा बाहेरची कोणतीही व्यवस्था करण्यापूर्वी केंद्रात स्वतः जाऊन तीन गोष्टी लिहून आणाव्यात: संपर्कवर्गांचे दिवस, लेखी काम देण्याची मुदत आणि प्रयोग कोठे व कोणाच्या देखरेखीखाली होतील. केंद्राकडून समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मगच बाहेर शोधावे. आणि ‘तुम्ही नुसते पैसे भरा, पास करून देण्याचे आमच्याकडे लागले,’ असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपली बहुतेक मुले गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. शाळेत मराठी हा विषय असेल तर ते भाग्यच. मुक्त विद्यालयाच्या दहावीस मात्र मराठी ही भाषा म्हणून घेता येते. घरी शिकणाऱ्या मुलीस जी भाषा आजीच्या मांडीवर मिळाली, तिच्यात परीक्षा देऊन गुण मिळविण्याची ही संधी आहे. त्यासाठी शिकवणी लावण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची मराठी पुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. आजीने वाचावे, नातीने लिहावे आणि परक्याची नजर म्हणून मंडळातील एखाद्या निवृत्त मराठी शिक्षकास पंधरा दिवसांतून एकदा निबंध दाखवावा. असे शिक्षक प्रत्येक गावात आहेत आणि त्यांना कोणी बोलावीत नाही याचेच त्यांना दुःख असते.

आता प्रत्यक्ष शिकवणी कशी पारखावी, या प्रश्नाकडे वळू. बाजारात आपण वांगेही उलटसुलट करून घेतो, पण शिकवणी मात्र भिंतीवरील छायाचित्रे पाहून घेतो. ज्या मुलांची छायाचित्रे लागलेली असतात ती त्या वर्गातील पहिली पाच-दहा असतात. आपली मुलगी त्या वर्गात मधल्या बाकावर बसणार आहे. म्हणून मधल्या बाकाविषयी विचारावे. एका वर्गात मुले किती? वह्या कोण तपासतो, शिक्षक स्वतः की दुसरे कोणी? एखादा पाठ बुडाला तर पुढे काय? तिला काही कळले नाही तर विचारण्याची वेळ कोणती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन तास तिला नुसते बसून पाहू द्याल काय? जो शिक्षक ‘या, बसा, पाहा’ असे म्हणतो, त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही असते. तेथे आधीपासून येणाऱ्या एखाद्या मुलाची वही पाहावयास मागावी. वहीत लाल शाईने केवळ बरोबर-चूक अशा खुणा आहेत की चूक कोठे झाली हेही लिहिले आहे, हे पाहिले की शिक्षकाची पारख होते. तीस वर्षे वह्या तपासल्यावर आम्ही इतके निश्चित सांगू शकतो, की शिकविण्याचा खरा पुरावा फळ्यावर नसतो, वहीत असतो.

मोठ्या शिकवणीवर्गांविषयी केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या पालकांनी जाणून घेणे इष्ट आहे. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गांस त्या उद्देशून आहेत. सोळा वर्षांखालील मुलास प्रवेश देऊ नये अथवा माध्यमिक शाळेची परीक्षा झाल्यावरच द्यावा, शिकविणारा निदान पदवीधर असावा, गुणांची किंवा प्रवेशाची हमी देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आठवड्याची सुट्टी असावी आणि विद्यार्थ्याने पूर्ण फी भरून वर्ग मध्येच सोडला तर उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. या सूचना प्रत्यक्षात आणणे राज्यांच्या हाती आहे. तरीही पंधरा वर्षांच्या मुलीस जो मोठा वर्ग आनंदाने दाखल करून घेतो आणि दोन वर्षांची फी एकरकमी मागतो, त्याच्याविषयी सावध व्हावयास तेवढे पुरेसे आहे. आमचे मत विचाराल तर या वयात सहा-आठ मुलांची, घराजवळची, महिन्याच्या फीची शिकवणी सर्वांत चांगली. जमले नाही तर महिन्याअखेर नम्रपणे निरोप घेता येतो.

हल्ली पडद्यावरच्या शिकवण्यांचा मोठा गवगवा आहे. त्या वाईट आहेत असे आम्ही म्हणणार नाही. सरकारच्या ‘स्वयं’ या व्यवस्थेवर आणि ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर मुक्त विद्यालयाचे पाठ मिळतात, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पाठ्यपुस्तकेही फुकट उतरवून घेता येतात. प्रवासाचा तास वाचतो आणि न कळलेला भाग पुन्हा ऐकता येतो, हे दोन मोठे लाभ. परंतु पडदा वही तपासीत नाही आणि ऐकणाऱ्याचा डोळा लागला तरी तो बोलतच राहतो. यास्तव एक नियम घरात घालून द्यावा: जितका वेळ ऐकणे, तितकाच वेळ पडदा बंद करून लिहिणे. अर्धा तास पाठ ऐकला तर अर्धा तास त्यातील उदाहरणे न पाहता सोडविणे. हा नियम पाळता येत नसेल तर फुकटचा पाठही महागच पडतो. पैसे देऊन वर्षाची वर्गणी भरावयाची असेल, तर आधी महिनाभर फुकटच्या पाठांवर हा नियम पाळून दाखवावा.

आणि आपण बडोदेकरांनी साधनांची तक्रार करावी काय? मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय १९१० साली महाराजांनी स्थापिले; त्यासाठी बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले. तेथे मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. सयाजीबागेत १८९४ चे संग्रहालय आहे; त्यातील नील देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून ज्याला प्राणिशास्त्राचा एकही प्रश्न सुचत नाही, त्याला कोणतीही शिकवणी वाचवू शकणार नाही. त्याच बागेत तारांगण आहे. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली जी गायनशाळा निघाली, तिचीच परंपरा आज विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागात चालू आहे. शाळेतील मुलास या ठिकाणी वर्षातून एकदा सहलीच्या रांगेतून नेले जाते. घरी शिकणाऱ्या मुलीस मात्र कोणत्याही मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, वही घेऊन तेथे दोन तास बसता येते. घरच्या शाळेस जर काही खरोखर अधिक मिळाले असेल, तर ही दुपार. तीच आपण शिकवणीच्या फेऱ्यांत घालविणार असू, तर शाळा सोडून मिळविले काय?

पुढील वाटेविषयीही दोन शब्द. दहावीनंतर विज्ञानशाखा घेण्याचा मनसुबा असेल, तर बारावीचे विषय निवडण्यापूर्वी प्रवेशपरीक्षांच्या अटी वाचाव्यात. अभियांत्रिकीच्या संयुक्त प्रवेशपरीक्षेस मुक्त विद्यालयाची बारावी चालते, परंतु किमान पाच विषयांसह. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मज्जाव करणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविला. तरीही नियम बदलत असतात. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. परदेशी शिक्षणाच्या इच्छेने कोणी केंब्रिजच्या परीक्षेस खासगी उमेदवार म्हणून मुलास बसवितात. ते शक्य आहे, पण आधी उमेदवारी स्वीकारणारे केंद्र शोधावे लागते आणि खर्च बराच येतो. आणखी एक: मूल घरी शिकत असेल तर त्याने काय वाचले, काय केले, कोठे गेले याची तारीखवार नोंदवही ठेवावी. शाळेचा दाखला नसतो तेव्हा ही वहीच त्याच्यासाठी बोलते.

आता त्या भगिनींस उत्तर. ताई, मुलीची प्रकृती आणि आपले पत्र यांवरून आम्हांस असे वाटते की या हंगामासाठी दोनच विषय घ्यावेत, गणित आणि मराठी. गणितास घराजवळची लहान शिकवणी ठेवावी. येथे जाणकाराची खरी गरज आहे. विज्ञान पुढील हंगामात घ्यावे, आणि त्याआधी अभ्यासकेंद्रात प्रयोगांची काय सोय आहे ते पक्के करावे. इंग्रजी संभाषणाची शिकवणी सोडावी. त्याऐवजी वडिलांनी रोज रात्री वीस मिनिटे तिच्याकडून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्यावर तिच्याशी इंग्रजीतूनच बोलावे. संगणकाची शिकवणी सध्या थांबवावी. राहिली चित्रकला. ती परीक्षेस लागत नाही म्हणून आपण प्रथम तीच सोडण्याचा विचार करीत आहात असे पत्रावरून दिसते. आमची विनंती अशी, की तिच्याविषयी आपण काहीच ठरवू नये. तो निर्णय मुलीस करू द्यावा. पाच शिकवण्यांपैकी तेथेच तिला चार मैत्रिणी भेटत असतील. संगतीची गरज कदाचित तेथेच भागत असेल. ते तिला माहीत आहे, आपल्याला नाही आणि आम्हांलाही नाही.

येथे या साऱ्या विषयाचे मर्म आहे. लहान मुलासाठी गुरू आईबाप निवडतात. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या पुढे गुरू निवडणे हाच शिक्षणाचा एक भाग होतो. धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. गोव्यातील सांखवाळ गावच्या या तरुणास शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळाले नव्हते. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते विद्येच्या शोधात घराबाहेर पडले. संस्कृतसाठी पुणे आणि काशी, बुद्धधर्माच्या शोधात नेपाळ, पालीसाठी सिलोन, असे ज्या विद्येचा जाणकार जेथे होता तेथे ते गेले. पुढे बडोद्याच्या याच महाराजांनी त्यांना तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये दिले आणि बदल्यात ग्रंथलेखन मागितले. धर्मानंदांची जिद्द सर्वांच्या ठायी नसते, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने घर सोडून काशीस जावे असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्याला काय येत नाही, ते कोणाकडून मिळेल आणि त्याच्या दारी कसे जावे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याची सवय ज्यास लागली, त्याचे शिक्षण परीक्षेने संपत नाही. शाळेतील मुलास ही सवय लावणे कठीण जाते, कारण वेळापत्रकच सारी उत्तरे देऊन टाकते. घरी शिकणाऱ्या मुलास ती सहज लागू शकते. मात्र वेळापत्रकाची जागा आईने घेतली, तर तेथेही ती लागणार नाही.

म्हणून आईबापांनी निवडीचा अधिकार हळूहळू मुलाच्या हाती द्यावा. चौदाव्या वर्षी दोन शिकवण्या आपण पाहून ठेवाव्यात आणि त्यांतील एक त्याने निवडावी. पंधराव्या वर्षी त्यानेच दोन तास बसून पाहावे आणि शिक्षकास काय विचारावयाचे ते आधी कागदावर लिहावे. सोळाव्या वर्षी शोध त्याचा, चौकशी त्याची. पैशाचा निर्णय तेवढा आपला. सतराव्या वर्षी अमुक शिकवणी आता नको, असे त्याने कारणासह सांगितले तर ते ऐकावे. त्यात दोन-चार वेळा तो फसेल. महिन्याची फी वाया जाईल. परंतु महाविद्यालयात किंवा पुढे नोकरीत ज्या मोठ्या निवडी त्यास एकट्याने करावयाच्या आहेत, त्यांच्या मानाने हे शुल्क अगदी अल्प आहे.

एक शेवटची सूचना. दर सहा महिन्यांनी, परीक्षा आटोपल्यावर, घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात बाहेरून काय आणले ते, दुसऱ्यात त्यातून मुलास स्वतः काय करता येऊ लागले ते. ज्या ओळीचा दुसरा रकाना कोराच राहिला, ती शिकवणी बंद करावी. ज्या ओळीत, ‘आता हे मला कोणाच्या मदतीशिवाय येते,’ असे मुलाने लिहिले, तीही बंद करावी, आणि शिक्षकास नमस्कार करून पेढे देऊन यावे. पुष्कळ घरांत शिकवण्या लागतात, पण सुटत नाहीत. सुटणे हे तर शिकवणीचे यश आहे. आणि यांपैकी काहीच जमेना, मूल एकटे पडू लागले, उदास दिसू लागले, तर शाळेत परत येण्यात कमीपणा मानू नये. आमच्यासारख्या अनेकांच्या शाळांचे फाटक उघडे आहे. तेथे आलेल्या मुलाने मधली दोन वर्षे कोठे घालविली यापेक्षा त्या दोन वर्षांत ते काय शिकले, हेच चांगला शिक्षक विचारील.